दांडपट्टा ते ब्लॅक बेल्ट : पोरीला कुठं घालायचं?

मित्रांनो, कांद्याचे भाव, हायवेवरचे खड्डे आणि ग्रामपंचायत सोडून आज जरा वेगळं लिहितोय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

माझी मुलगी यंदा सातवीत गेली. विंचूरहून लासलगावला शाळेत एसटीने जाते-येते. जुलैमध्ये एका रात्री जेवताना म्हणाली, "पप्पा, मला कराटेला घाला." का गं, तर उत्तर नाही. बायकोने दोन दिवसांनी हळूहळू काढून घेतलं. तीन पाटीवर बसची वाट बघताना मोटारसायकलवर दोन पोरं येऊन थांबतात, काहीबाही बोलतात, मागे एकदा दप्तर ओढलं. गावभरच्या बातम्या लिहिणाऱ्या बापाला घरातली बातमी तिसऱ्या दिवशी कळली. असो.

दुसऱ्या दिवसापासून क्लास बघायला निघालो. पहिला क्लास जवळच्या एका गावात, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. नाव सांगत नाही. खाली शहाबादी फरशी, वर लग्नातल्या झिरमिळ्या तशाच. पन्नास-साठ पोरं पांढऱ्या ड्रेसमध्ये रांगेत उभी राहून "हू" करून ठोसे मारताहेत. बघायला झकास. सर बोलायला गोड. प्रवेश फी हजार, महिना सहाशे, ड्रेस चौदाशे, दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा पाचशे, आणि "दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, गॅरंटी". ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचे आठ हजार वेगळे. मी बाहेर येऊन मोबाईलवर हिशेब केला. दोन वर्षांचे २८ हजार ३०० रुपये. कांदा बाराशे रुपये क्विंटलने धरला तर साडेतेवीस क्विंटल.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. मी सरांना विचारलं, "तुम्हाला ब्लॅक बेल्ट कुणी दिला?" सरांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. फ्रेममध्ये इंटरनॅशनल, वर्ल्ड, फेडरेशन असे सगळे शब्द होते, फक्त माणसाचं नाव वाचता येत नव्हतं. तिथं माझं डोकं फिरलं आणि मी घरी येऊन पुस्तकं काढली.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. मी आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला तालमीत नेलं, नारळ फोडला, वस्तादांच्या पाया पडायला लावलं आणि म्हणाले, "आता हे तुमचं." झाली अ‍ॅडमिशन. फॉर्म नाही, फी नाही. लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती उकरायची, हेच पहिले काही महिने काम. हात मुरगळला तर वस्तादच बसवायचे. त्यांचं सर्टिफिकेट कुणी विचारलं नाही, कारण वस्तादांचा वस्ताद कोण, त्याचा कोण, हे अख्ख्या गावाला पाठ होतं.

पण नुसतं गोड गोड लिहून चालणार नाही. त्या तालमीत एकही मुलगी नव्हती. आणि काही वस्त्यांवरची पोरंही नव्हती. कुणी "येऊ नका" म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची गरजच पडत नव्हती.

आपला निफाड तालुका द्राक्षं आणि कांद्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. पण गोदाकाठचं कोठुरे हे मल्लखांबाचं गाव आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल? बाळंभटदादा देवधर इथले. जन्म १७८०. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी ते पुण्यात होते. तेव्हाची गोष्ट अशी सांगतात की निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. विशीही न गाठलेला हा भटाचा पोरगा उभा राहिला, थोडी मुदत मागून घेतली, आणि थेट वणीला सप्तशृंगीच्या गडावर गेला. तिथं झाडावर चढ-उतर करणारी, उलटी लटकणारी माकडं बघून त्याला लाकडाच्या खांबावरचे डाव सुचले. काही जण माकडं म्हणतात, काही जण साक्षात मारुती म्हणतात. परत येऊन त्याने अलीला चीत केलं आणि गुलाबने लढायचंच नाकारलं.

आता यात दंतकथा किती ते तुम्ही ठरवा. मल्लखांब त्याच्या आधीही होता. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या खांबाचा उल्लेख आहे. पण विसरलेली विद्या पुन्हा उभी केली, तिला शिस्त लावली आणि शिष्य तयार केले, ते बाळंभटदादांनी. १८१८ ला पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, त्यांच्या मागे ही विद्या उत्तरेत गेली. कोंडभटनाना गोडबोले, दामोदर गुरू अशी शिष्यांची माळ लागली, काशीत आखाडा उभा राहिला. आपल्या शेजारच्या येवल्यात १८१४ साली जन्मलेले तात्या टोपे लहानपणीच बापाबरोबर ब्रह्मावर्ताला गेले होते. तात्या, नानासाहेब आणि छोटी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनी तिथंच घोडा, तलवार, मल्लखांबाचे धडे घेतले असं परंपरा सांगते. म्हणजे पोरीला शिकवायची पद्धत आपल्याकडे अगदीच नव्हती असं नाही. ती वाड्याच्या आतच राहिली, गल्लीत उतरली नाही, एवढंच.

पुण्यात त्याच काळात दुसरी तालीम चालू होती, लहुजी साळव्यांची. लहुजी वस्ताद मांग समाजातले, जन्म १७९४. त्यांचे वडील इंग्रजांशी लढताना पडले असं सांगतात. या तालमीत शिकायला कोण आलं? जोतीराव फुले. आपण दांडपट्टा आणि निशाण मारायला लहुजीबुवांकडे शिकलो, हे जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवलंय. माळ्याचा पोरगा आणि मांगाचा वस्ताद, १८४० च्या दशकातल्या पुण्यात. पुढे वासुदेव बळवंत फडकेही लहुजींकडेच गेले. ब्राह्मणाचा पोरगा. वस्तादाची जात बघून नाही, हात बघून गेले. तिकडे बडोद्यात जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादाचा आखाडा होता आणि त्यांचे पट्टशिष्य माणिकराव. गुरू गेल्यावर माणिकरावांनी त्यांच्याच नावाचं व्यायाममंदिर चालवलं, आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत द्यायला सुरुवात केली. आज तालमीच्या दारावर कुठल्या रंगाचा झेंडा आहे ते बघून पोरगं घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग हे सगळं गेलं कुठं? मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली ती दोन वर्षं : १८७६ आणि १८७८.

१८७६ साली जपानच्या सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. १८७८ साली इंग्रजांनी आपल्याकडे शस्त्रांचा कायदा आणला. लायसन नसेल तर हत्यार नाही. दोन देशांत दोन वर्षांच्या अंतराने एकच गोष्ट झाली, तलवार घरात गेली. तलवारीवर जगणारे वस्ताद दोन्हीकडे बेकार झाले. फरक इतकाच की तिकडे बंदी घालणारं सरकार त्यांचं स्वतःचं होतं.

इकडे काय झालं? फडक्यांच्या १८७९ च्या बंडानंतर तालीम म्हटली की सरकारला संशय यायला लागला. दांडपट्टा मिरवणुकीत गेला. पुण्यातला विंचूरकर वाडा तुम्हाला माहीत असेल. आपल्या विंचूरचे सरदार विठ्ठल शिवदेव, जे पानिपतावर होते, त्यांच्या घराण्याचा वाडा. टिळक तिथं राहायचे, कायद्याचे वर्ग घ्यायचे, आणि १८९४ मध्ये त्यांनी सार्वजनिक गणपती तिथं बसवला. गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत लेझीम, लाठी, पट्टा जिवंत राहिला हे खरं. पण मिरवणुकीत राहिलेली विद्या वर्षातून दोनदा बाहेर निघते आणि उरलेले दिवस माळ्यावर पडते. २०२४ च्या शिवजयंतीला आपल्या सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं. आनंद आहे. पण पोरीला दांडपट्टा शिकवणारा तालुक्यात कोण, असं मी दहा जणांना विचारलं, तर आठ जणांनी ढोलपथकाचा नंबर दिला.

आणि जपानमध्ये काय झालं? १८७७ मध्ये जिगोरो कानो नावाचा अंगाने किरकोळ पोरगा टोकियोच्या विद्यापीठात शिकत होता. शाळेत त्याला दांडगट पोरांनी फार मारलेलं. त्याला जुजुत्सु शिकायचं होतं पण गुरू सापडेना. मग त्याने काय केलं, तर हाडवैद्यांकडे चौकशी सुरू केली. कारण जुजुत्सुचे बरेच जुने वस्ताद पोटासाठी हाडं बसवायचा धंदा करत होते. हे वाचलं आणि मला आमचे वस्ताद आठवले, माझा मुरगळलेला हात हातात घेऊन बसलेले. जग किती सारखं असतं बघा.

या कानोने १८८२ मध्ये एका देवळाच्या खोलीत बारा चटयांवर आपली शाळा काढली. पहिल्या वर्षी नऊ शिष्य. जुन्या डावांतले जीवघेणे डाव त्याने मोकळ्या सरावातून वगळले, आणि सगळ्यात आधी काय शिकवलं, तर पडायला. डोकं न आपटता, मनगट न मोडता कसं पडायचं. नाव ठेवलं ज्युडो. कानो पेशाने शिक्षक, पुढे शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजचा प्रमुख झाला. त्यामुळे ही विद्या त्याने शाळेत नेली. १९२२ साली ओकिनावाहून फुनाकोशी नावाचे दुसरे एक शाळामास्तर टोकियोला कराटे दाखवायला आले, त्यांनाही कानोने आपल्याकडे बोलावलं. आज कराटेचा जो पांढरा ड्रेस आणि पट्टा आपण बघतो, तो फुनाकोशींनी ज्युडोकडून घेतलेला आहे.

म्हणजे कराटेचा ब्लॅक बेल्ट हजारो वर्षांचा वगैरे काही नाही. कानोने १८८० च्या दशकात काळा पट्टा बांधायला सुरुवात केली. आणि पिवळा, केशरी, हिरवा, निळा ही जी रंगपंचमी आहे, ती युरोपातली. लंडन-पॅरिसमधल्या क्लबांत १९२०-३० च्या दशकांत ती रूढ झाली, पॅरिसला शिकवणाऱ्या कावाइशी या जपानी गुरूने ती पक्की केली. तिकडच्या शिष्यांना दर थोड्या दिवसांनी काहीतरी हातात पडलं नाही तर ते टिकत नव्हते. आपल्याकडे त्याच्याच पाचशेच्या पावत्या झाल्या.

आता लगेच "आपले लोक मागास" असं कमेंटमध्ये लिहू नका. कानोने केलं ते आपल्याकडे अमरावतीला झालं. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी हनुमान आखाडा काढला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. त्यांनीही तेच ओळखलं. नुसते पैलवान नको, शिकवणारे तयार करा. उन्हाळी वर्ग काढले, देशभरातून शिक्षक येऊन शिकून गेले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथं मल्लखांब, लेझीम, कबड्डी करून दाखवली. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये म्हातारे कानो ऑलिम्पिक समितीच्या बैठकीला आलेले होते, पुढचं ऑलिम्पिक टोकियोला मागायला. अमरावतीची पोरं आणि ज्युडोचा जनक एका शहरात! युद्धामुळे ते टोकियो ऑलिम्पिक झालंच नाही. १९६४ ला झालं, तेव्हा ज्युडो त्यात होता. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला २०१९ साल उजाडलं, मुंबईत शिवाजी पार्कला. २०२१ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबासाठी मुंबईच्या हिमानी परबला मिळाला. मुलीला. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

मधल्या काळात आपल्याकडे ब्रूस ली आला. ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ चा, पण आमच्या भागात तो व्हिडिओवर पोचायला बरीच वर्षं गेली. आमच्या तालमीतली निम्मी पोरं एका उन्हाळ्यात नानचाकू फिरवायला गेली. सायकलची चेन आणि पाइपाचे तुकडे. दोघांची डोकी फुटली. वस्ताद काही बोलले नाहीत, माती उकरत राहिले. नंतर डिसेंबर २०१२ ची दिल्लीची घटना घडली आणि प्रत्येक आईबापाच्या पोटात गोळा आला. सरकारी शाळांत मुलींसाठी तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण आलं, खासगी क्लासही गावोगाव उगवले. गरज खरी होती. पण त्यावर देखरेख कुणाची? हॉल भाड्याने घ्या, फ्लेक्स लावा, झाले सर. कराटेत तर इतक्या संघटना, की २०२० मध्ये जागतिक महासंघाने भारतातल्या तेव्हाच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता काढून घेतली होती. त्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून सर्टिफिकेटला भाव, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या तर मीच दोन-तीनदा लिहिल्यात. गावाकडच्या बापाला कुठलं सर्टिफिकेट चालतं हे कळतं तेव्हा पोरगं भरतीच्या रांगेत उभं असतं.

तायक्वांदोचा एक क्लासही पाहिला, ठीक होता. एक गोष्ट मात्र तिथल्या सरांनी स्वतःहून सांगितली, तेवढ्यासाठी मला ते आवडले. कोरियातली मूळ संस्था, कुक्कीवॉन, १५ वर्षांखालच्या मुलांना डान देतच नाही, त्याला पूम म्हणतात. पट्टाही अर्धा लाल, अर्धा काळा. म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोराच्या कमरेला कुणी निखळ काळा पट्टा बांधत असेल, तर आधी विचारायचं, कुठल्या नियमाने?

शेवटी एका मित्राने सांगितलं म्हणून तिसऱ्या ठिकाणी गेलो. वस्तीवर कांदाचाळीला लागून पत्र्याची शेड. आत चौदा जुन्या मॅट, काही फाटलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या. शिकवणारी पंचविशीतली मुलगी, ज्युडो खेळलेली, बी.पी.एड. केलेली. महिना तीनशे. दार सताड उघडं, दाराशी दोन आया कोथिंबीर निवडत बसलेल्या. मी विचारलं, पालकांनी बसलं तर चालतं का? म्हणाली, "बसाच." वस्ताद कोण विचारलं, तर तिने नाव, गाव, फोन नंबर सांगितला. मी फोन लावला. पलीकडच्या माणसाने तिची सगळी कुंडली सांगितली, गुडघ्याच्या दुखापतीसकट.

मग मी तो प्रश्न विचारला. ब्लॅक बेल्ट कधी?

"ते सहा महिन्यांनी तिलाच विचारा सर. आधी पडायला शिकू दे."

मी तिला तीन पाटीची गोष्ट सांगितली. ती पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, दोन मोटारसायकलवाले ज्युडोने जात नसतात. तेवढ्यासाठी तिला इथं घालू नका. त्यांच्याकडे तुम्ही जायचं."

खरं सांगतो, चरकलो. चाळीशी उलटलेला माणूस मी, अठ्ठावीस हजारांचा हिशेब करत फिरत होतो, आणि स्टँडवर जाऊन उभं राहायचं काम बारा वर्षांच्या पोरीकडे दिलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं, पोलिसांच्या निर्भया पथकाला फोन केला. आठवडाभर बायको आणि मी आलटून पालटून स्टँडवर उभे राहिलो. चौथ्या दिवसापासून ती मोटारसायकल दिसली नाही. ज्यांच्या घरी असं काही चालू असेल त्यांनी ११२ लावा, मुलांसाठीचा १०९८ आहे, आणि क्लासची अ‍ॅडमिशन नंतर घ्या.

तिला विचारलं, आता काय, जायचं का ज्युडोला? पोरं तर गेली. म्हणाली, "पोरांचा काय संबंध? मला जायचंच आहे."

तर सध्या ती जाते. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात. पोरी अठरा आहेत, मॅट चौदा. बऱ्याच गावांत सरकारी अनुदानातून व्यायामशाळा बांधल्यात, त्यातल्या काहींना कुलूप आहे, काहींत मंडपाचं सामान. तुमच्या गावात अशी कुलूपबंद व्यायामशाळा असेल तर फोटो काढून मला पाठवा, किल्ली कुणाकडे आहे तेही लिहा. त्यावर वेगळी बातमी करतो. आमच्या जुन्या तालमीची मी गेल्या आठवड्यात चौकशी केली. माती आहे, छप्पर आहे, पहाटे पाच-सहा पोरं येतात. वस्तादांचा मुलगा म्हणाला, पोरींना संध्याकाळी द्यायला त्याची हरकत नाही, पण पंचांना विचारावं लागेल. पंचांची बैठक रविवारी आहे. मी जाणार आहे, तुम्हीही या.

दिवाळीच्या सुट्टीत कोठुऱ्याला जायचंय, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन जागा आहेत.

ती मात्र महिना झाला तरी अजून पडतेच आहे. पुढं, मागं, डावीकडे, उजवीकडे. क्लासमध्ये मॅट कमी म्हणून घरी पलंगावर सराव चालू असतो. पलंगाची एक फळी गेली. सुताराला उद्या बोलावलंय.